कडेवरचं मूल : गावित मायलेकींचं प्रकरण

जत्रेत, एसटी स्टँडवर, देवळाच्या रांगेत मूल कडेवर घेतलेली बाई दिसली की आपण बाजूला सरकतो. बसमध्ये उठून जागा देतो. तिचा हात आपल्या पिशवीला लागला तर लेकरू सावरताना लागला असेल, असंच वाटतं. लेकुरवाळी बाई म्हटलं की आपल्या मनातला संशय आपोआप निवतो. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांनी १९९० ते १९९६ या काळात आपल्या नेमक्या या चांगुलपणावर धंदा उभा केला. त्यांच्या कडेवरची मुलं त्यांची नव्हती. ती कोल्हापूर, पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक अशा ठिकाणांहून उचललेली होती. काम संपलं की त्यांतली बरीचशी मारली गेली.

या प्रकरणावर बोलताना लोक दोनच गोष्टी बोलतात: बायका इतक्या क्रूर कशा झाल्या, आणि त्यांना फाशी का झाली नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदोपत्री नीट मिळतं. ते शोधायला बसलो की पहिल्या प्रश्नापेक्षा मोठी गोष्ट हाती लागते. या मुलांकडे आधीही कोणी लक्ष दिलं नव्हतं आणि नंतरही दिलं नाही.

तिघी मूळच्या चोऱ्या करणाऱ्या. गर्दीत पर्स मारायची, गळ्यातली साखळी ओढायची, मंगळसूत्र तोडायचं. रेणुकाचा बाप ट्रकचालक होता, तो अंजनाबाईला सोडून गेला. नंतरचा नवरा निवृत्त सैनिक; सीमा त्याची. त्यानेही पुढे वेगळा संसार मांडला. हलाखी होती, टाकलेपण होतं, हे खरं. पण नवऱ्याने टाकलेल्या, धुणीभांडी करून पोरं वाढवणाऱ्या लाखो बाया महाराष्ट्रात आहेत. त्या हलाखीने या खुनांचा उलगडा होतो, असं मला वाटत नाही.

मुलं चोरायची कल्पना आली ती एका फसलेल्या चोरीतून. रेणुका एका देवळात पाकीट मारताना पकडली गेली. तिचा स्वतःचा लहानगा तिच्याजवळ होता. त्याला पुढे करून तिने गयावया केली, लेकरू कडेवर घेऊन कोणती आई चोरी करेल म्हणून रडली, आणि लोकांनी तिला जाऊ दिलं. लोकांनी दाखवलेली ती दया तिघींनी नीट लक्षात ठेवली. स्वतःचं मूल दर वेळी धोक्यात कशाला घालायचं? दुसऱ्याचं असलं तर?

१९९० मध्ये कोल्हापुरात त्यांनी एका भीक मागणाऱ्या बाईचं लेकरू उचललं. दीड वर्षाच्या आसपासचं पोर. पुढे एकदा सीमा चोरी करताना लोकांच्या हाती लागली. जमाव जमला, मार पडणार अशी वेळ आली. तेव्हा अंजनाबाईने कडेवरचं ते पोर जमिनीवर आपटलं. रक्ताळलेलं मूल पाहून जमाव सीमाला विसरला आणि तिघी निसटल्या. नंतर जखमी पोर रडायचं थांबेना. रडणारं मूल लोकांचं लक्ष वेधतं, म्हणून त्याला ठार केलं.

पुढचं सगळं प्रकरण याच एका घटनेत आहे. मुलाचे उपयोग दोन. कडेवर असेल तर ते ढाल, आणि पकडलं गेलं तर त्याचं रक्त सांडून गर्दीची नजर वळवायची. मूल तान्हं किंवा जेमतेम चालणारं असेल तोवर हे जमतं. ते रडायला लागलं, आजारी पडलं, किंवा ओळखीचं नाव सांगण्याइतकं बोलू लागलं की ते जोखीम होतं. मग त्याची वाट लावायची आणि दुसरं उचलायचं. यात राग नाही, सूड नाही, मनोविकाराची झटापट नाही. जुनी पिशवी टाकून नवी घ्यावी, तसा हा हिशोब. म्हणूनच मला हे प्रकरण साठच्या दशकात मुंबईत रस्त्यावर झोपलेल्यांचे खून करणाऱ्या रामन राघवच्या प्रकरणापेक्षा जास्त भयंकर वाटतं. राघवची फाशी बदलली, कारण डॉक्टरांच्या मंडळाने त्याला गंभीर मानसिक आजार असल्याचं सांगितलं. गावित मायलेकींचा व्यवहार मात्र थंड डोक्याचा होता.

एकेका मुलाला कसं मारलं, त्यानंतर या बायका कुठे गेल्या, काय खाल्लं, याच्या कहाण्या चवीने सांगितल्या जातात. मी त्या इथे देणार नाही. निकालपत्रांत ते सगळं आहे. त्या मुलांच्या आयांनी ते कोर्टात बसून ऐकलं, तेवढं पुरे.

सहा वर्षं हे कसं चाललं, हे मात्र सविस्तर पाहायला हवं. रेणुकाचा नवरा किरण शिंदे चोऱ्यांत सामील होता. पुण्यात हडपसरजवळच्या गोंधळेनगरात त्यांचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. तिथून ते गावोगाव हिंडायचे आणि चोरीचा माल, चोरलेलं मूल घेऊन परत यायचे. शेजाऱ्यांना मुलं दिसत होती. पण चार पोरांच्या घरात पाचवं दिसलं तर कोणी विचारत नाही. भाचा असेल, नात्यातलं असेल. आणि ज्या घरातून मूल गेलं तिथली फिर्याद त्या गावच्या ठाण्यात. कल्याणची नोंद कल्याणला, कोल्हापूरची कोल्हापूरला. तेव्हा संगणकावर सगळी ठाणी जोडलेली नव्हती. हरवलेलं मूल म्हणजे रजिस्टरातली एक ओळ. तेरा ओळी तेरा ठिकाणी पडून होत्या, आणि त्या एकाखाली एक ठेवून पाहणारं कोणी नव्हतं. त्यात मुलं कोणाची? स्टँडवर भीक मागणाऱ्या बाईचं, देवळाबाहेर झोपणाऱ्यांचं, साध्या कष्टकऱ्यांचं. बंगल्यातलं एक जरी मूल गेलं असतं तरी ही साखळी लवकर तुटली असती, असं माझं मत आहे.

मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, हा स्पष्ट आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो मे २०१३ मध्ये. तोवर अनेक ठाण्यांत ‘मिसिंग’ची साधी नोंद व्हायची, आणि आईबाप स्वतःच फोटो घेऊन स्टँडवर फिरायचे.

तर या बायका सापडल्या त्या चोरीमुळे नाही आणि हरवलेल्या मुलांच्या तपासातूनही नाही. सापडल्या घरच्या वैरामुळे. अंजनाबाईचा डाव सोडून गेलेल्या नवऱ्यावर आणि त्याच्या नव्या संसारावर होता. त्याची नऊ वर्षांची मुलगी, म्हणजे सीमाची सावत्र बहीण, नाहीशी झाली. त्या मुलीच्या आईला संशय कोणावर घ्यायचा ते ठाऊक होतं. तिने पोलिसांत नाव घेऊन तक्रार केली. १९९६ मध्ये मायलेकी तिच्या धाकट्या मुलीच्या मागावर होत्या, तेव्हा नाशिकमध्ये पोलिसांनी त्यांना पकडलं. महिना नोव्हेंबरचा. या सगळ्या कथेत हट्टाने पाठपुरावा करणारं, संशयिताचं नाव ठामपणे सांगणारं माणूस एकच, आणि ती एक आई होती. यंत्रणेला तिने जागं केलं.

घरझडतीत लहान मुलांचे कपडे मिळाले. ते त्या घरातल्या मुलांच्या मापाचे नव्हते. आणि फोटो मिळाले. रेणुकाच्या मुलाच्या वाढदिवसाचे. केकभोवती जमलेल्या पोरांमध्ये काही चेहरे असे होते की ते त्या घरचे नव्हतेच. कुठल्या तरी गावात त्या चेहऱ्यांच्या आया त्यांना शोधत होत्या. तपासात पुढे हेच फोटो महत्त्वाचे ठरले.

पण पुरावा सोपा नव्हता. सहा वर्षांत मृतदेह वेगवेगळ्या ठिकाणी टाकले गेले होते. काही बेवारस म्हणून सापडले, काहींचा मागमूसच नव्हता. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार म्हणजे टोळीतलाच माणूस. किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. लोकांना हे आजही खुपतं. जो घरात होता, गाडीत होता, तो सुटला कसा? माझ्याही घशाखाली ते सहज उतरत नाही. पण कायद्याच्या बाजूने पाहिलं तर सरकारी पक्षाकडे दुसरा मार्ग कमी होता. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १३३ सांगत होतं की साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देणं बेकायदा नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ११४ खाली अशा साक्षीला स्वतंत्र दुजोरा नसेल तर न्यायाधीशाला ती विश्वासाला अपात्र धरता येत होती. म्हणून दीडशेहून जास्त साक्षीदार उभे करावे लागले. हरवलेल्या मुलांच्या आया, शेजारी, डॉक्टर, बेवारस प्रेतांचे पंचनामे करणारे पोलीस. शिंदे म्हणाला अमुक मूल अमुक ठिकाणी टाकलं. तर त्या तारखेच्या सुमारास त्या ठिकाणी बेवारस पोराचं प्रेत मिळाल्याची नोंद आहे का, असं एकेक जोडत जावं लागलं. ज्या सुट्या नोंदी सहा वर्षं कोणी एकत्र पाहिल्या नव्हत्या, त्या इथे पहिल्यांदा एका टेबलावर आल्या. सरकारतर्फे खटला उज्ज्वल निकम यांनी चालवला.

अंजनाबाई खटला उभा राहायच्या आधीच कोठडीत आजारपणाने मेली. पिंजऱ्यात उरल्या दोघी बहिणी, विशीतल्या. त्यांचा बचाव साहजिकच आईकडे बोट दाखवणारा होता.

इथे आकड्यांबद्दल बोललं पाहिजे, कारण या प्रकरणात आकडे फार सैल फिरतात. चाळीसहून जास्त मुलं मारली, असं गप्पांतून, व्हिडिओंमधून सर्रास ऐकू येतं. कोर्टापुढे आरोप होता तेरा मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांपैकी नऊ खुनांचा. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने जून २००१ मध्ये सहा खून सिद्ध मानून फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००४ मध्ये त्यांतले पाच कायम धरले आणि फाशीही कायम केली. सिद्ध झालेले खून पाच. याचा अर्थ बाकीची मुलं जिवंत आहेत असा नाही. याचा अर्थ त्यांचं काय झालं हे कायद्याला कधीच सांगता आलं नाही. चाळीसचा आकडा सांगणाऱ्याला वाटतं तो गुन्ह्याची भीषणता वाढवतोय. खरं तर तो या पाच जणांना गर्दीत हरवून टाकतो. पाचही लहान होती, पाचांनाही नाव होतं, आणि प्रत्येक खुनासाठी स्वतंत्र पुरावा लागला.

३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीवर शिक्कामोर्तब केलं. आरोपी स्त्रिया आहेत याशिवाय शिक्षा सौम्य करावी असं काही दिसत नाही, आणि त्या सुधारतील असंही वाटत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. त्या आईच्या धाकाखाली निव्वळ ओढल्या गेल्या, हे कोर्टाने मान्य केलं नाही. अटकेपासून दहा वर्षांत तीन कोर्टांचे निकाल लागले. एवढा गुंतागुंतीचा पुरावा, एवढे साक्षीदार, हे पाहता आपल्याकडच्या मानाने हा वेग वाईट नाही.

यानंतर प्रकरण कोर्टातून मंत्रालयात गेलं.

फाशीच्या कैद्याला राज्यपालांकडे घटनेच्या कलम १६१ खाली आणि राष्ट्रपतींकडे कलम ७२ खाली दयेचा अर्ज करता येतो. दोघींनी तो केला. राज्यपालांनी अर्ज फेटाळले ते २०१२-१३ च्या सुमारास. मग फाइल दिल्लीला गेली, आणि जुलै २०१४ मध्ये राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांनी दया नाकारली. फेटाळायचेच होते ते अर्ज, पण त्याला इतकी वर्षं. साक्षीपुरावा नव्याने तपासायचा नव्हता, कोणाला गावोगाव हिंडायचं नव्हतं. निकालपत्रं होती, तुरुंगाचा अहवाल होता, आणि सही हवी होती.

मधल्या काळात कायदा स्पष्ट झाला होता. फाशीच्या अंमलबजावणीला होणारा उशीर हा मुद्दा १९८३ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे घोळत होता. एका निकालाने दोन वर्षांचा उशीर पुरे म्हटलं, पुढच्याने ते नाकारलं, १९८९ च्या त्रिवेणीबेन निकालाने ठरावीक मुदतीचा नियम मोडीत काढला पण उशीर हा विचारात घ्यायचा मुद्दा म्हणून ठेवला. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात न्यायालयाने एकाच निकालात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. तत्त्व असं मांडलं की, कैद्याच्या दोषाशिवाय सरकारने अकारण उशीर केला तर फाशी टिकणार नाही, मग गुन्हा कितीही भयंकर असो. रोज सकाळी आज बोलावणं येईल या भीतीत वर्षानुवर्षं ठेवणं ही वेगळीच शिक्षा, आणि ती कोणत्याही कोर्टाने सुनावलेली नसते.

म्हणजे जानेवारी २०१४ नंतर मंत्रालयातल्या आणि दिल्लीतल्या प्रत्येक संबंधित अधिकाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं की गावित बहिणींची फाशी आता उशिराच्या मुद्द्यावर पडणार. ऑगस्ट २०१४ मध्ये दोघींनी मुंबई उच्च न्यायालयात नेमकी तीच याचिका केली. फाशीला स्थगिती मिळाली. आणि उशिराबद्दलची ही याचिका स्वतःच २०२२ पर्यंत रेंगाळली. हे लिहितानाही हात जड होतो. त्या मुलांच्या आयांनी या काळात काय केलं असेल? निकाल लागला होता, आणि लागलाही नव्हता.

१८ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती नितीन जामदार आणि न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांच्या खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. दयेच्या अर्जांचा निकाल लागण्यात सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस गेले, असा उशिराचा हिशोब त्यांनी मांडला. त्याचा दोष त्यांनी सरकारी यंत्रणेच्या ढिलाईवर ठेवला. ई-मेलच्या जमान्यात फाइली हातोहात, टेबलावरून टेबलावर सरकत राहिल्या, हेही कोर्टाने नोंदवलं. गुन्ह्याबद्दल कोर्टाने कसलीही गय केली नाही. त्याची निंदा करायला शब्द अपुरे आहेत, असंच म्हटलं. आणि या उशिराने सरकारने दोषींचे हक्क तर मोडलेच, पण बळी गेलेल्या निरपराध मुलांशीही ते चुकलं, हेही सांगितलं. मला या निकालातलं हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बातम्यांमध्ये ते कुठेतरी खाली गेलं. वर राहिलं ते ‘फाशी टळली’.

त्या दिवशी लोक कोर्टावर चिडले. ते चिडणं मी समजू शकतो. पण कोर्टाने फाशी टाळली नाही. ती टळली मंत्रालयातल्या कपाटात, कोणी न बोलता, कोणी निर्णय न घेता. फाशी असावी की नसावी यावर माणसं प्रामाणिकपणे वेगळं मत ठेवू शकतात. मी स्वतः तिच्या बाजूचा नाही. पण देशाला फाशी नको असेल तर ते विधानसभेत, संसदेत उघड म्हणावं. फाइल दाबून ठेवणं म्हणजे दया दाखवणं नव्हे. दया कोणी तरी विचार करून दाखवतं. इथे कोणीच विचार केला नव्हता.

बहिणींनी आणखी एक मागणी केली होती. पंचवीस वर्षं तुरुंगात काढली, तेव्हा आता सोडा. ती कोर्टाने मानली नाही. साधी जन्मठेप म्हटली की किमान चौदा वर्षांनंतर सरकार शिक्षेत सूट देऊ शकतं, आणि पंचवीस वर्षं भोगलेल्या कैद्यासाठी तो दरवाजा उघडाच होता. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये त्या न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली, पण ती नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत आणि कोणतीही सूट न देता, असा बदल केला. फाशी आणि साधी जन्मठेप यांच्या मधली ही शिक्षा २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालात आली आणि २०१५ मध्ये घटनापीठाने तिला मान्यता दिली. एप्रिल २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आणि केंद्राला दयेचे अर्ज लवकरात लवकर निकाली काढण्याचे निर्देशही दिले.

शिक्षा शेवटी अशी ठरली. गुन्ह्यांना सुरुवात झाल्यापासून तेहतीस वर्षांनी. कोल्हापुरात १९९० मध्ये उचललेलं ते पहिलं लेकरू जगतं तर तोवर पस्तिशीच्या उंबरठ्यावर आलं असतं. त्याचे नातलग कोर्टात आले की नाही, त्याच्या आईला निकाल कळला की नाही, हे कोणत्याही बातमीत माझ्या वाचनात आलेलं नाही. बातम्यांना रस होता तो या स्त्रिया फाशी जाणार का यात. ती बाई भीक मागत होती. तिचं मूल या खटल्याच्या यादीत सगळ्यात पहिलं आहे.